दिवसा सांगितलेली गोष्ट

कस्तुरा वाचायला लागली की ऐकणारा खूश होऊन जायचा. चौथीतली पोरगी, पण कुठे अडखळणं नाही, जोडाक्षरापाशी थबकणं नाही, नुसतं घडाघडा. शाळेत कोणी पाहुणा आला की आमचे मुख्याध्यापक गिरधर सर तिलाच उभी करायचे. पाहुणा मान डोलवायचा, सर कौतुकानं माझ्याकडे पाहायचे आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. कारण त्यातल्या एकाही पाहुण्यानं तिला कधी विचारलं नाही की बाई गं, हे जे वाचलंस त्यात झालं काय?

मी विचारलं होतं. पुरवणी वाचनाच्या पुस्तकात एका म्हातारीची गोष्ट होती. म्हातारी लेकीकडे जायला एसटीत बसते आणि तिच्या मागोमाग एक शेळी गाडीत चढते. कंडक्टर विचारतो, शेळी कोणाची? कोणी बोलत नाही. म्हातारी खिडकीबाहेर पाहू लागते. मी कस्तुराला विचारलं, "म्हातारी खिडकीबाहेर का पाहू लागली?" तिनं ते वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. मी म्हटलं, "हो, पण का?" तिनं पुन्हा तेच वाचलं. स्वच्छ, स्पष्ट, एकही चूक नाही. ती गोष्ट त्या दिवशी मी तिथेच अर्धी सोडली.

बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. प्रश्न विचारला की पोरं उत्तर शोधत नसत, त्यातला शब्द शोधत. शब्द सापडला की त्यावर बोट ठेवायचं, पूर्ण ओळ म्हणायची आणि सुटका झाल्यासारखं खाली बसायचं. मी मूळची अमळनेरची, राहते साक्रीला, रोज स्कूटीवरून घाटाच्या अलीकडच्या या गावात येते. स्वभावानं तापट आहे, असं सासरचे म्हणतात आणि माहेरचे ते नाकारत नाहीत. वर्गात पोरं पोपटासारखी बोलत असताना मला खुर्चीवर बसवत नाही. मी येरझाऱ्या घालते, खडू मोडते, उगाच खिडक्या उघडते आणि लावते.

शेवटी मी पुस्तक मिटायला लागले. म्हणजे गोष्ट निम्मी वाचायची, ऐन मोक्याच्या जागी पुस्तक फटकन मिटायचं आणि विचारायचं, सांगा, पुढे काय झालं असेल? पोरांनी आपापली गोष्ट सांगायची, त्यांच्या भाषेत, हवी तशी. मग पुस्तक उघडायचं आणि बघायचं, आपलं काय जुळलं, काय नाही, आणि आपल्याला तसं का वाटलं. सुरुवातीला सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मग गोपालनं तोंड उघडलं. गोपालच्या प्रत्येक गोष्टीत शेवटी बिबट्या येतो आणि सगळ्यांना खाऊन टाकतो. मी म्हणायचे, येऊ दे बिबट्याला, पण तो एसटीत चढला कसा ते सांग. दार उघडं होतं का? पुस्तकात दाराचं काही लिहिलं आहे का? मग गोपाल दारासाठी म्हणून पान चाळायचा, आणि तेवढ्यात ते पान त्याला समजून जायचं. हे असं घडताना पाहिलं की मला उड्या माराव्याशा वाटायच्या.

एक कस्तुरा तेवढी गप्प. तिची पाळी आली की ओठ आत ओढून घ्यायची आणि जमिनीकडे बघायची. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. तिचं एकच उत्तर, "मी सांगाव नही." म्हणजे मी सांगणार नाही. न येणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं. माझा पारा चढला. "का नाही? तोंड नाही का तुला?"

उत्तर तिच्या शेजारी बसलेल्या दिपमालानं दिलं. "मॅडम, तिना मामा गाडीवर शे. दिवसले गोष्ट सांगी ते मामा वाट चुकस."

"कोणी सांगितलं हे?"

"बठ्ठासले माहीत शे," दिपमाला म्हणाली, आणि सगळ्या वर्गानं माना हलवल्या. सगळ्यांना माहीत होतं, नव्हतं ते फक्त मला.

मी हसले. मग पोरं किती गंभीर आहेत ते पाहून हसू आवरलं. "आणि मग तुम्ही सगळे इतके दिवस सांगताय ते?" तर त्याचाही हिशेब चोख होता. ज्यांचे मामा शेतात राबत होते किंवा गावातच होते, त्यांना भीती नव्हती. गोपाल म्हणाला, "मना मामा कोठेच जात नही मॅडम, तो खाटवरच ऱ्हास." मोनालीचा मामा सुताराकडे कामाला जायचा, पण तो रस्ता सरळ होता. कस्तुराचा मामा धनसिंग मात्र पिकअप चालवायचा. पिंपळनेरहून मिरची भरायची, घाट उतरायचा आणि सुरतेच्या बाजारात टाकायची, असा त्याचा नेम. इतक्या लांबच्या वाटेवर चुकायला जागा भरपूर.

दुपारी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, आमच्या आईनंसुद्धा कधी दिवसा गोष्ट सांगितली नाही. पोरं कामाच्या वेळी गोष्टी मागत बसतात, म्हणून मोठ्यांनी काढलेली युक्ती ही."

"मग तुम्ही तुमच्या पोरांना दिवसा सांगता?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "वेळ कुठे मिळतो?" ते म्हणाले.

मी कस्तुराला नळावर गाठलं. ती जेवणाची ताटली धूत होती. आवाज जमेल तितका मऊ करून मी विचारलं, "पण मग तू वाचतेस कशी? पुस्तकात असते तीही गोष्टच ना?"

"वाचानं येगळं," ती म्हणाली. "मी नुसती वाचस. तिले गोष्ट व्हऊ देत नही."

"म्हणजे काय करतेस?"

"पुढलं अक्षर देखस, मांगलं सोडी देस. मंग काहीच ऱ्हात नही."

तिनं ताटली उलटी करून पाणी झटकलं आणि निघून गेली. मी नळ बंद करायचं विसरून तिथेच उभी राहिले. वाचनाची किती प्रशिक्षणं मी धुळ्याला जाऊन केली असतील. पोरांना का समजत नाही याची ढीगभर कारणं मला तोंडपाठ होती. पण एखादी पोर मुद्दाम, जिवाच्या आकांतानं समजू देत नसेल, हे कोणी सांगितलं नव्हतं. एक अक्षर धरायचं आणि आधीचं टाकायचं, म्हणजे मामा सुखरूप घरी येतो. मला तिचं वाईट वाटलं आणि रागही आला. राग नेमका कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी घरी जाऊन भांडी आपटली.

कस्तुराला वडील नाहीत. तिची आई बेबाबाई भावाच्याच घरी राहते, दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जाते. पोरीला शाळेत घातलं ते मामानं, दप्तर आणलं ते मामानं. गाडी दारात लागली की ही आधी धावत जाऊन चाकांना हात लावून बघते, गरम आहेत का, असं दिपमालानं मला सांगितलं. अशा पोरीला पृथ्वी कशी फिरते आणि अंधश्रद्धा म्हणजे काय हे समजावून काय होणार? तरी मी समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ती वाचण्याइतकीच हुशार होती.

मी तिला सांगायला लावणं सोडून दिलं. बाकीच्यांचं चालू ठेवलं. ती दाराजवळ बसायची, आणि दुसऱ्या कोणाची गोष्ट रंगात आली की बोटानं फरशीवर काहीतरी गिरवत राहायची. पण ऐकायची. कान काही मिटता येत नाहीत.

आणि मग ती म्हातारीची गोष्ट पुन्हा निघाली. थंडीचे दिवस होते, दुपारची सुट्टी संपून पोरं वर्गात, खिडकीतून येणाऱ्या उन्हाला पाठ देऊन बसली होती. कंडक्टरनं विचारलं, शेळी कोणाची, आणि म्हातारी खिडकीबाहेर पाहू लागली, तिथे मी पुस्तक मिटलं. "का पाहू लागली?"

"तिले झाडं देखानी व्हती," गोपाल म्हणाला.

"तिले उलटी व्हई ऱ्हायनी व्हती," मोनाली म्हणाली. हे तर मला आवडलंच, पण मी विचारलं, "पुस्तकात तसं काही आहे?" मोनालीनं शोधलं, सापडलं नाही. आणखी दोघांनी काहीबाही सांगितलं. एक म्हणाला, म्हातारी बहिरी होती. गोपालनं बिबट्या आणायची तयारी केली.

"ती म्हातारीनीच बकरी शे!"

आवाज दाराजवळून आला. कस्तुरा गुडघ्यांवर उभी होती, गाल लाल झालेले. "म्हनीसन ती बाहेर देखी ऱ्हायनी! आपली शे म्हनी ते तिले उतरनं पडी ना! पहिला पानवर लिखेल शे, म्हातारीना घर बकरी शे. तुम्ही काय वाचतस?"

"मग पुढे?" मी अगदी हळू विचारलं.

पुढे ती थांबलीच नाही. कंडक्टरनं दहिवेलच्या थांब्यावर शेळीला खाली उतरवलं. म्हातारी गप्प. गाडी सुटली. शेळी गाडीमागे धावायला लागली. "पहिले म्हातारी बाहेर देखानं नाटक करी ऱ्हायनी व्हती," कस्तुरा म्हणाली, "आते ती खरंच बाहेर देखाले लागनी." पुढे लेक वाट बघत होती आणि मागे शेळी पळत होती. म्हातारी उठली, लोकांच्या अंगावरून हात लांब करून तिनं घंटीची दोरी स्वतःच ओढली, आणि शिव्या देणाऱ्या कंडक्टरला म्हणाली, बकरी मनी शे, मनीच शे. वर्ग एकदम ओरडला. गोपालनं फरशी बडवली. मी टाळ्या वाजवत होते आणि माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवलंही नाही. पुस्तकातला शेवट साधा होता. तिचा त्याहून कितीतरी चांगला होता.

टाळ्या थांबल्या तेव्हा कस्तुरानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. ती खिडकीतून उन्हाकडे बघत होती. दिवस होता, भर दुपार होती, आणि धनसिंग त्याच पहाटे सुरतेला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो परत यायला हवा होता. आला नाही. फोन लागेना. त्याच्या पुढच्या दिवशी मी शाळेत पोचले तर कस्तुरा कुंपणाला टेकून रस्त्याकडे बघत उभी होती. प्रार्थनेला आली नाही. वर्गात आणून बसवली तर पाठ फळ्याकडे आणि तोंड रस्त्याकडे. पुस्तक उघडलं नाही. मी समोर धरलं तर तिनं डोळे मिटून घेतले. आता अक्षरांवरही तिचा भरवसा उरला नव्हता.

आणि हे एकटीपुरतं राहिलं असतं तर ठीक. मी गोष्ट काढली तर गोपालसुद्धा बोलेना. "तुझा मामा खाटेवर आहे ना रे?" मी म्हटलं. तो म्हणाला, "आज तो बजारले जावाव शे." कितीतरी महिन्यांची माझी मेहनत एका सकाळीत पाण्यात गेली. पोरांनी पुस्तकं उघडली आणि पुन्हा पहिल्यासारखं घडाघडा, एकसुरात वाचायला लागली. मला ते ऐकवेना. मी बाहेर व्हरांड्यात गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की माझेच पाय तिकडे वळत. ती दुधाची निघायची, नाहीतर वाळूची.

दुपारी बेबाबाई आली. भांडायला आली असेल असं वाटून मी पदर खोचला. पण तिनं चप्पल बाहेर काढली आणि दारातच उभी राहिली. गावातली दोन माणसं मोटारसायकलवर घाटापर्यंत जाऊन बघून आली होती. घाटात काही नव्हतं. "निंघना त्या दिनले सकायमा त्याना फोन ऊनता, सुरत ऊनं म्हने," ती म्हणाली. "दुपारपाईन फोन लागत नही. आनि हिनी दुपारलेच गोष्ट सांगी. पोर जेवत नही मॅडम. तुम्ही तिले सांगा, तसं काही ऱ्हात नही."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगं. मना तोंडनं सांगं ते तिले खरं वाटत नही."

"का?"

बेबाबाईनं पदरानं नाक पुसलं. "माले बी खरं वाटत नही ना," ती म्हणाली.

मी कस्तुराला समोर बसवलं. ठासून सांगितलं की तुझ्या गोष्टीचा आणि मामाच्या गाडीचा काडीचा संबंध नाही. गाड्या बिघडतात, फोन पाण्यात पडतात, माणसं अडकतात. जगात रोज दिवसा लाखो लोक गोष्टी सांगतात. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "मंग मामा कोठे शे?"

मी म्हटलं, "येईल." माझ्याच आवाजात जोर नव्हता.

ती उठून पुन्हा कुंपणाशी गेली, आणि मी काय केलं असेल? शाळेच्या मागे जाऊन दीपकला फोन लावला. दीपक माझा भाऊ, माझ्या पोराचा मामा. धुळ्याला औषधाच्या कंपनीत आहे, दिवसभर मोटारसायकलवर फिरतो. "कुठे आहेस?" मी विचारलं. म्हणाला, "शिरपूरला. का गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. सावकाश चालव." तो म्हणाला, "तू रडतेयस का?" मी फोन ठेवून दिला. इतका वेळ पोरीला विज्ञान शिकवणारी बाई ती मीच.

रात्रभर वाईटसाईट डोक्यात येत राहिलं. मी धनसिंगला फार तर दोनदा पाहिला असेन, पण माझ्या मनात त्याची गाडी सारखी दरीत जात होती. तो नाही आला तर ही पोर आयुष्यात पुन्हा काही वाचणार नाही, एवढंच मला कळत होतं. मोठी होईल, लग्न होईल, तिची पोरं गोष्ट मागतील, आणि ही ओठ आत ओढून घेईल.

सकाळी हजेरी चालू असताना बाहेर पोरांचा आरडाओरडा झाला. दारात धनसिंग उभा होता. डोळे तारवटलेले, शर्टावर ग्रीसचे डाग, गळ्यात मफलर. मागे बेबाबाई, धावत आल्यानं धापा टाकणारी. कस्तुरा जागची हलली नाही. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, खरा आहे की नाही ते ठरवत असल्यासारखी.

आणि त्या माणसानं काय बोलावं? बेबाबाईनं वाटेत त्याला सांगितलं असणार. तो तोंडभर हसला आणि म्हणाला, "काय वं कस्तुरा, तुनी गोष्टनी माले जंगल दखाडं ना! खरंच वाट चुकनू मी!"

वर्गाच्या तोंडातून एकदम 'हा' निघाला. दिपमालानं माझ्याकडे पाहिलं, सांगितलं नव्हतं का मी, अशा नजरेनं. कस्तुराचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, हातातली हजेरी त्याच्या डोक्यात घालावी. मेला असतास तर पोर रडली असती, जिवंत येऊन तू तिला कायमची गप्प करतोयस, असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर या."

पण कस्तुरा बोलली होती. अगदी बारीक आवाजात. "वाट कशी चुकनी?"

धनसिंगला तेवढंच हवं होतं. ड्रायव्हर माणूस, तीन रात्री बोलायला कोणी नव्हतं. तो उंबऱ्यावरच बसला आणि सांगायला लागला. त्याला थांबवायला मी पुढे झाले, पण कस्तुरा दोन पावलं त्याच्याकडे सरकली होती, म्हणून मी थांबले.

"मिरची भरी, अंधारामाच निंघनू. धुकं इतलं की बोनेट दिखे ना. पुढे एक पिकअप व्हती, तिनी लाल लाईट धरी लिन्ही. माले वाटनं, मिरचीनी गाडी शे, ती बी सुरतलेच जाई. ती वळनी, मी वळनू. ती चढनी, मी चढनू. मंग धुकं फिटनं आनि देखस ते काय, बठ्ठं जंगल! डांगमा जाई लागनू! त्या डायवरले इचारं ते म्हने, मी आते घर जाई ऱ्हायनू!"

पोरं खो खो हसली. बेबाबाईही हसली, रडत रडत. कस्तुरा हसली नाही. "मंग?" ती म्हणाली.

"मंग म्हनं, जंगलमातूनच आडवा रस्ता काढू. तठे गिअर गया. ना माणूस, ना फोनले रेंज. मिरची सडी गई. एक मिस्तरी भेटना, तो बी तिसऱ्या दिनले."

"आनि तू चुकना ते कव्हय?"

"सांगं ना. धुकामा."

"कव्हय पन? उजाडेल व्हतं?"

"नही वं. कोंबडा बी आरडेल नव्हता."

कस्तुरा थांबली. ओठ आत गेले, पण यावेळी ती जमिनीकडे बघत नव्हती. भुवया जवळ आल्या. वर्गात पान उलटून मागचं शोधताना गोपालच्या होतात तशा. ही पोर आता मागचं अक्षर सोडत नव्हती. मी दाराची कड घट्ट धरून ठेवली. मला तिला एक शब्दही सुचवायचा नव्हता, आणि न सुचवणं माझ्या स्वभावात नाही.

"पन तू सकायमा मायले फोन करा," ती म्हणाली. "सुरत ऊनं म्हना तू."

धनसिंगचं हसू उतरलं. त्यानं बहिणीकडे पाहिलं. मग मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "म्हनं व्हतं," तो म्हणाला.

"तव्हय तू कोठे व्हता?"

"जंगलना तोंडवर. एक चहानी टपरी व्हती."

"मंग सुरत काबर म्हना?"

"लाज वाटनी माय. इतला वरीसना डायवर मी. दुसरानी लाईट धरीसन वाट चुकनू, हाई कसं सांगू?"

"खोटं सांगं?"

"खोटं सांगं."

कस्तुरानं हात पुढे धरला आणि एकेक बोट मिटत गेली. "पहिले तू चुकना. मंग तू खोटं सांगं. मंग शाया भरनी. मंग आम्ही जेवनूत. मंग मी गोष्ट सांगी." तिनं मूठ तशीच धरून ठेवली. "मी सांगी, त्याना पहिलेच तू चुकेल व्हता."

"हां," धनसिंग म्हणाला. "ते शेच ना. मी ते गंमत करी—"

"मंग मी काबर जेवनी नही?"

तिनं हे रडत विचारलं नव्हतं. खरोखर विचारलं होतं, उत्तर हवं असल्यासारखं. धनसिंगनं माझ्याकडे पाहिलं, बेबाबाईकडे पाहिलं. आम्ही दोघींनी मान खाली घातली. मग तो उंबऱ्यावरून उठला आणि शाळेतल्या पोरासारखा तिच्यासमोर सरळ उभा राहिला.

"मी खरं सांगं नही, म्हनीसन," तो म्हणाला.

"मोठ्यानी सांग," कस्तुरा म्हणाली. "बठ्ठासले ऐकू जाऊ दे."

आणि धनसिंगनं भर दिवसा, भरल्या वर्गासमोर ते पुन्हा सांगितलं.